लाकडावर कोरलेला मृत्यू

१४९८ च्या मे महिन्यात वास्को द गामाची गलबतं कालिकतजवळ येऊन थांबली. त्याच वर्षी जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात अल्ब्रेश्ट ड्यूरर या तरुण चित्रकाराने स्वतःच छापलेलं एक पुस्तक विकायला काढलं. बायबलच्या शेवटच्या भागात जगाच्या अंताचं जे दर्शन सांगितलं आहे, त्यावरची पंधरा मोठी चित्रं त्यात होती. दीड हजारावं वर्ष उंबरठ्यावर होतं आणि जग बुडणार, या धास्तीने युरोपातली माणसं आकाशाकडे पाहत होती. ड्यूररने त्यांना आकाशातून काय येणार ते दाखवलं.

त्यातलं चार घोडेस्वारांचं चित्र आजही अंगावर येतं. धनुष्य ताणलेला एक, तलवार उगारलेला दुसरा, तराजू झुलवणारा तिसरा. हे तिघे धष्टपुष्ट घोड्यांवर आहेत. त्यांच्या पुढे, सगळ्यांत खाली, मरतुकड्या घोड्यावर एक हाडकुळा म्हातारा बसला आहे. त्याच्या हातात शेतकऱ्याकडे असतो तसला त्रिशूळासारखा दाताळा आहे. हा मृत्यू. त्याच्या घोड्याच्या पायाखाली माणसं तुडवली जाताहेत आणि कोपऱ्यात एका राक्षसी जबड्यात मुकुट घातलेला कुणी बडा माणूस नाहीसा होतो आहे. रंग कुठेच नाही. कागदाचा पांढरा, शाईचा काळा आणि त्या दोहोंमध्ये हजारो बारीक रेषा.

या रेषा लाकडातून आलेल्या. नासपतीसारख्या घट्ट लाकडाची सपाट फळी घ्यायची, तिच्यावर उलटं चित्र काढायचं आणि रेषा सोडून बाकीचं सगळं लाकूड सुरीने, पटाशीने खणून काढायचं. उरलेल्या उंचवट्यावर शाई लावून कागद दाबला की चित्र सुलटं उठतं. जी रेषा दिसायला हवी तिच्या दोन्ही बाजू कापाव्या लागतात, म्हणून केसाइतकी बारीक रेषा राखणं हे मोठ्या कसबाचं काम. चित्र काढणारा एक आणि ठसा कोरणारा दुसरा, अशी कामाची वाटणी साधारणपणे असे, आणि कोरणाऱ्याचं नाव बहुतेकदा कुणी लिहून ठेवत नसे. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्राला वेगळ्या प्रकारचं यंत्र लागायचं. लाकडी ठसा मात्र शिशाच्या अक्षरांच्या शेजारी त्याच चौकटीत बसायचा आणि एकाच दाबात मजकूर आणि चित्र दोन्ही छापून निघायचं. पुस्तक स्वस्त होण्यामागे गुटेनबर्गच्या अक्षरांइतकाच या फळीचाही हात आहे, असं माझं मत आहे.

ड्यूररच्या आधी शंभर वर्षांपासून असे ठसे निघत होते. पंढरीहून परतणारा वारकरी विठोबाची तसबीर घेऊन येतो, तशी तिथली यात्रेकरू मंडळी तीर्थक्षेत्राहून संतांची छापील चित्रं घरी नेत. त्यातलं एक, १४२३ साल घातलेलं, दैवाने टिकलं. एका मठातल्या हस्तलिखिताच्या पुठ्ठ्याला ते आतून चिकटवलेलं सापडलं आणि आज मँचेस्टरच्या ग्रंथालयात आहे. बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा संत ख्रिस्तोफर त्यात आहे. खाली छापलेल्या दोन ओळींचा आशय असा, की ज्या दिवशी या संताचं मुख पाहाल त्या दिवशी तुम्हाला वाईट मरण येणार नाही. मरण टळेल असं आश्वासन त्या कागदाने दिलं नव्हतं. प्रायश्चित्त न घेता, प्रार्थना न म्हणता, अचानक मरण येऊ नये एवढीच त्या काळच्या माणसाची मागणी होती.

कारण अचानक येणारं मरण त्या लोकांनी पाहिलं होतं. १३४७ पासून चार-पाच वर्षांत प्लेगने युरोपची किमान एक तृतीयांश माणसं नेली, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या ती साथ परत परत येत राहिली. अंत्यविधीला धर्मगुरू मिळेना, कारण तोही गेलेला. अशा वेळी नीट मरावं कसं, हे शिकवणारी छोटी पुस्तकं निघाली. पंधराव्या शतकाच्या मध्यावर ती सबंध लाकडी ठशांवरून छापली जात. अकरा चित्रांची ती मालिका असे. खाटेवर मरणाच्या दारात पडलेला माणूस, एका चित्रात भुतं त्याला भुलवताहेत, पुढच्या चित्रात देवदूत धीर देताहेत. अश्रद्धा, निराशा, अधीरपणा, गर्व, लोभ या पाच मोहांच्या पाच जोड्या, आणि अकराव्या चित्रात प्राण सुटतो. वाचता न येणाऱ्यालाही ती समजत.

न्यूरेंबर्गमध्येच १४९३ साली अंटोन कोबर्गर या मुद्रकाने जगाचा एक प्रचंड इतिहास छापला. कोबर्गर हा ड्यूररचा धर्मपिता. त्या ग्रंथात अठराशेहून जास्त चित्रं आहेत, पण ठसे मात्र ६४५. एकच ठसा वेगवेगळ्या राजांचा चेहरा म्हणून आणि वेगवेगळ्या शहरांचं दृश्य म्हणून पुन्हा पुन्हा वापरला होता. त्यातच एका पानावर उघड्या कबरीभोवती नाचणारे सापळे आहेत, एक सापळा वाजवतो आहे, बाकीचे ताल धरून आहेत.

ड्यूररच्या घरात मृत्यू पाहुणा नव्हता. त्याच्या आईला, बार्बाराला, अठरा मुलं झाली. त्यांतली तीनच जगली. मार्च १५१४ मध्ये त्याने कोळशाने आईचं चित्र काढलं. कपाळावर आठ्या, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, डोळे एकमेकांशी न जुळणारे. मुलाने आईकडे इतक्या निर्भयपणे आणि इतक्या मायेने पाहिल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. दोन महिन्यांनी ती गेली. तिच्या अखेरच्या घटकांची हकीकत त्याने आपल्या टिपणवहीत लिहून ठेवली आहे.

आणि त्याच सुमाराला गोव्यात एक वेगळीच गोष्ट सुरू झाली होती.

गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकेर्क याला दीवला किल्ला बांधायचा होता. परवानगी मागायला त्याने १५१४ मध्ये गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशहा याच्याकडे वकील पाठवले. सुलतानाने किल्ल्याला नकार दिला, पण दरबारी रीतीप्रमाणे भेटी दिल्या. त्यांत एक जिवंत गेंडा होता. आल्बुकेर्कने तो गोव्यात ठेवून घेण्याऐवजी पोर्तुगालच्या मानुएल राजाला पाठवायचं ठरवलं. जानेवारी १५१५ मध्ये गेंडा जहाजावर चढला, सोबत ओसेम नावाने नोंदलेला त्याचा भारतीय रखवालदार. आफ्रिकेला वळसा घालून १२० दिवसांनी, २० मे रोजी, ते लिस्बनला उतरले. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिला नव्हता. हत्ती आणि गेंडा हाडवैरी, असं प्लिनी या प्राचीन लेखकाने लिहून ठेवलेलं, म्हणून राजाने ३ जूनला, ट्रिनिटीच्या रविवारी, दोघांना समोरासमोर उभं केलं. हत्ती पळाला.

लिस्बनहून एक पत्र आणि एक रेखाटन न्यूरेंबर्गला पोहोचलं. ड्यूररने गेंडा कधीच पाहिला नाही. त्या कागदावरून त्याने चित्र काढलं आणि त्याचा ठसा कोरून घेतला. कातडीच्या घड्या त्याने चिलखताच्या पत्र्यांसारख्या काढल्या, पायांवर खवले दिले, खांद्यावर नसलेलं एक छोटं शिंग दिलं. अंदाजाने काढलेल्या या प्राण्यावर युरोपने पुढची दोनशेहून अधिक वर्षं विश्वास ठेवला. खरा गेंडा पाहिलेल्यांच्या चित्रांपेक्षा ड्यूररचाच गेंडा ग्रंथांत जात राहिला. ठसा शतकभराहूनही जास्त काळ छापला जात होता. उशिराच्या प्रतींत पायांवरून आडवी गेलेली एक पांढरी रेघ दिसते, तो फळीला गेलेला तडा. आणि ठिकठिकाणचे बारीक पांढरे ठिपके म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या किड्यांची भोकं.

त्याच वर्षी आउग्सबुर्गच्या हान्स बुर्गमायरनेही त्याच गेंड्याचा ठसा केला. तो ड्यूररइतका गाजला नाही, त्याची एकच प्रत उरली आहे. पण त्यात एक गोष्ट आहे जी ड्यूररने गाळली. बुर्गमायरच्या गेंड्याचे पुढचे पाय बांधलेले आहेत. डिसेंबर १५१५ मध्ये मानुएलने हा प्राणी पोप दहाव्या लिओला भेट म्हणून पुन्हा जहाजात चढवला. गळ्यात हिरव्या मखमलीचा पट्टा, त्यावर फुलं. वाटेत मार्सेयजवळच्या बेटावर फ्रान्सच्या राजाने त्याला पाहिलं. मग १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या पोर्तो व्हेनेरेजवळ वादळात जहाज बुडालं. गेंडा पोहू शकतो, पण हा डेकला साखळीने जखडलेला होता. ड्यूररच्या त्या देखण्या, चिलखती, मोकळ्या गेंड्याकडे पाहताना मला बुर्गमायरने काढलेलं ते पायातलं बंधन आठवतं. कीर्ती ड्यूररच्या चित्राला मिळाली, खरं बुर्गमायरच्या चित्रात राहिलं.

मृत्यूलाच नायक करणारं सर्वांत मोठं काम मात्र पुढच्या पिढीत झालं. बाझल शहरातल्या डॉमिनिकन मठाच्या भिंतीवर पंधराव्या शतकापासून मृत्यूच्या नाचाचं एक लांबलचक चित्र होतं. पोपपासून भिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाचा हात धरून सापळा नाचतो आहे असं. त्याच शहरात राहणाऱ्या धाकट्या हान्स होल्बाइनने १५२० नंतरच्या काही वर्षांत या विषयाची इवलीशी चित्रं काढली. उंची साडेसहा सेंटिमीटर, रुंदी पाच. काड्यापेटीपेक्षा थोडंसं मोठं. त्यांचे ठसे कोरले हान्स ल्युट्झेलबुर्गरने, आणि लाकडावर इतकं नाजूक काम त्याआधी कुणी केलं नव्हतं. होल्बाइनने भिंतीवरचा तो नाच मोडला आणि मृत्यूला माणसांच्या घरात, शेतात, बाजारात, न्यायालयात शिरवलं.

न्यायाधीश लाच घेतो आहे तिथे तो मागे उभा आहे. कंजुषाच्या मोहरा तो त्याच्या डोळ्यांदेखत उचलतो. जोगीण गुडघ्यावर बसून प्रार्थना करते आहे, पण मान वळवून खाटेवरच्या वीणावादक प्रियकराकडे पाहते, आणि मृत्यू मेणबत्ती विझवतो आहे. गाठोडं पाठीला लावून निघालेल्या फेरीवाल्याला तो बाहीला धरून ओढतो. समुद्रात जहाजाची डोलकाठी मोडतो. एका पडक्या झोपडीत आई चुलीवर शिजवते आहे आणि तो धाकट्या मुलाचा हात धरून त्याला बाहेर नेतो आहे. मूल मागे वळून हात पसरतं. हे चित्र पाहून ज्याला काही होत नाही, त्याच्याशी कलेबद्दल काय बोलावं मला कळत नाही.

आणि मग नांगरणारा म्हातारा शेतकरी. फाटके कपडे, वाकलेली पाठ. नांगराला घोडे जुंपले आहेत आणि मृत्यू त्यांच्या बाजूने धावत त्यांना हाकतो आहे. समोर टेकडीआडून सूर्याचे किरण, गावातलं चर्च. या एका चित्रात मृत्यू कुणाला शिक्षा करत नाही. तो म्हाताऱ्याला दिवसाचं शेवटचं तास पुरं करायला मदत करतो. बड्यांना फरफटत नेणारा तोच हा हात कष्टकऱ्याजवळ मऊ होतो. पोपच्या सत्तेविरुद्ध लूथरने केलेल्या बंडानंतरचा हा काळ होता. १५२५ मध्ये जर्मनीत शेतकऱ्यांचं मोठं बंड चिरडलं गेलं होतं. होल्बाइन हे सगळं पाहत होता.

ल्युट्झेलबुर्गर १५२६ मध्ये मेला, काही ठसे कोरायचे राहून गेले. पुस्तक बारा वर्षांनी, १५३८ मध्ये, फ्रान्समधल्या ल्यों शहरात ट्रेक्सेल बंधूंनी छापलं. त्यात एक्केचाळीस चित्रं होती आणि होल्बाइनचं नाव कुठेही नव्हतं. कोरणाऱ्याने मात्र सरदारणीच्या चित्रात, तिच्या पलंगाच्या चौकटीवर, ‘एच एल’ ही आपली दोन अक्षरं कोरून ठेवली होती. तिच्या पायाशी एक सापळा तिचं पांघरूण ओढतो आहे आणि दुसरा वाद्य वाजवतो आहे.

मृत्यूला असा चेहरा देण्याची गरज आपल्याकडे का वाटली नाही? वेरूळच्या लेण्यांत सप्तमातृकांच्या शेजारी हाडांचा सापळा झालेला काळ आहे, चामुंडेचं पोट खपाटीला गेलेलं आहे, म्हणजे शिल्पकाराला ते जमत नव्हतं असं नाही. पण गावाच्या वेशीवर जे लागतं ते वेगळंच. भीमा आणि घोडनदीच्या खोऱ्यात, मारुतीच्या पाराजवळ, अर्धवट मातीत गाडलेले वीरगळ दिसतात. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्यात अप्सरा त्याला घेऊन निघाल्या आहेत, वरच्यात तो शिवलिंगासमोर हात जोडून बसला आहे, माथ्यावर चंद्र-सूर्य. तीन चित्रांत पूर्ण कथा, आणि तीही न वाचणाऱ्यासाठीच. पण इथे मारणारा मृत्यू दिसतच नाही. दिसतो तो मेलेला माणूस, आणि तो वर चढत जातो.

याच खोऱ्यातल्या एकट्या शिरूर तालुक्यात पाहा. वढू बुद्रुकला संभाजीराजांची समाधी आहे. १६८९ मध्ये त्यांना दौंडजवळ, भीमेच्या पलीकडच्या पेडगावला, बहादूरगडावर औरंगजेबापुढे आणलं गेलं आणि पुढे मार्चमध्ये तुळापूरला त्यांची हत्या झाली. पाबळला मस्तानीची कबर आहे, ती १७४० मध्ये बाजीरावांपाठोपाठ गेली. आणि खुद्द शिरूरला, जिथे इंग्रजांची छावणी होती, तिथे १८०९ मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेसची कबर आहे. या परक्या, परधर्मी अधिकाऱ्याला आसपासच्या गावांनी ‘सत्पुरुष’ मानलं आणि सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या कबरीवर आणला, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. छत्रपती, नर्तकी म्हणून हिणवली गेलेली राणी आणि गोरा कर्नल. होल्बाइनने या तिघांना सापळ्याच्या हाती दिलं असतं आणि मृत्यूपुढे सगळे सारखे, असं दाखवलं असतं. इथल्या लोकांनी प्रत्येकाला जागा दिली आणि तिथे दिवा लावला. न्यूरेंबर्ग-बाझलच्या लोकांचं लक्ष मृत्यूवर होतं, इथल्यांचं मृतावर.

ही दोन जगं एकमेकांना भिडली ती गोव्यात. ६ सप्टेंबर १५५६ रोजी गोव्याला छापखाना उतरला. तो खरं तर ॲबिसिनियाला जायचा होता. हुआन द बुस्तामान्ते या जेझुइट पंथीयाने तो सेंट पॉल कॉलेजात चालवला. १५६३ मध्ये गोव्यात गार्सिया द ओर्ता या वैद्याचा वनौषधींवरचा संवादग्रंथ छापला गेला. गोव्यातल्या पटकीच्या रोग्यांचं त्यातलं वर्णन आजही वैद्यकाच्या इतिहासात महत्त्वाचं मानतात. पुस्तकात वनस्पतींची चित्रं नव्हती. चार वर्षांनी अँटवर्पला त्याचा लॅटिन सारांश निघाला तेव्हा त्यात लाकडी ठसे घातले गेले. ओर्ता ज्यू वंशाचा होता. तो गेल्यानंतर, १५८० मध्ये, धर्मन्यायालयाने त्याची हाडं कबरीतून उकरून जाळली. मेलेल्याला दुसऱ्यांदा शिक्षा देण्याची ही कल्पना युरोपातल्या कुठल्याही चित्रकाराच्या सापळ्यापेक्षा भयानक आहे.

त्याच १५८० च्या आरंभी रोदोल्फो आक्वाविवा हा तरुण जेझुइट गोव्याहून फत्तेपूर सिक्रीला पोहोचला. त्याने अकबराला अँटवर्पला छापलेलं आठ खंडांचं बहुभाषी बायबल दिलं. बादशहाने त्याचे खंड आदराने डोक्याला लावले. या बायबलातली आणि जेझुइटांनी आणलेली सुटी छापील चित्रं दरबारी चित्रकारांच्या हाती पडली. १६०० मध्ये तेरा वर्षांच्या अबुल हसनने ड्यूररच्या एका चित्रातला क्रुसाखाली उभा असलेला संत योहान उतरवून काढला आणि कोपऱ्यात आपलं वय लिहिलं. मूळ चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं होतं. आप्ताच्या मरणाकडे पाहणाऱ्या माणसाचं ते आवळलेल्या हातांचं दुःख त्या मुलाला नेमकं सापडलं आहे.

आक्वाविवा दरबारातून गोव्याला परतला आणि १५८३ च्या जुलैमध्ये साष्टीतल्या कुंकळ्ळी गावात मारला गेला. देवळं पाडणाऱ्यांच्या विरुद्ध गावकरी उठले होते. त्याचा सूड म्हणून पोर्तुगीजांनी गावाच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केलं. आक्वाविवासह मारल्या गेलेल्या पाच जेझुइटांचे मृतदेह मिळवून आणणारा माणूस होता थॉमस स्टीफन्स, इंग्लंडातून १५७९ मध्ये आलेला. याच स्टीफन्सने पुढे मराठीत ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. ते १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं, पण रोमन लिपीत. मराठी अक्षरांचे ठसे पाडावेत अशी विनंती त्याने १६०८ मध्ये रोमला वरिष्ठांकडे केली होती. अडचण ही, की जोडाक्षरं धरून साच्यांची संख्या शेकड्यांत जाई. ते काम झालं नाही. गुजरातेत लाकडी ठशांनी कापड छापणारे कारागीर कैक शतकं होते, त्यांचं छापील कापड मध्ययुगात इजिप्तपर्यंत जात होतं. एखादी सबंध ओवी फळीवर कोरणं त्यांना अशक्य नव्हतं. पण कापडाचा ठसा कागदावर उतरवायला कुणी सांगितलं नाही, आणि मराठी अक्षर छापलेलं दिसायला एकोणिसावं शतक उजाडलं.

‘ख्रिस्तपुराणा’च्या १६१६, १६४९ आणि १६५४ च्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उरलेली नाही. ते टिकलं ते हस्तलिखितांतून. त्यांच्याच आधारे १९०७ मध्ये सालढाणांनी मंगळूरला ते पुन्हा रोमन लिपीत छापलं. पुढे १९२० च्या दशकात जस्टिन ॲबट यांनी लंडनमधल्या मार्सडेन संग्रहातल्या एका हस्तलिखिताकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. ॲबट अमेरिकन मराठी मिशनचे, याच मिशनचं एक केंद्र एकोणिसाव्या शतकात शिरूरला होतं, आणि मराठी संतांची चरित्रं आणि काव्य इंग्रजीत नेण्यात त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षं घातली. मार्सडेन संग्रहातलं ते ‘ख्रिस्तपुराण’ देवनागरीत लिहिलेलं होतं.